कन्सोल गप्प केला आणि डिस्क गेली ते कळलंच नाही

मशीन साधंच होतं. दोन नेटवर्क कार्डं, एक डिस्क, लिनक्स, आणि काम गेटवेचं. आतून बाहेर जाणारं प्रत्येक पॅकेट याच्यातून जायचं. समोर मॉनिटर नव्हता, कीबोर्ड नव्हता. सिरियल पोर्टमधून निघालेली वायर एका टर्मिनल सर्व्हरला जोडलेली होती आणि नेटवर्क पडलं की त्या वायरीवरून आत शिरायचं, अशी सोय होती. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपले संदेशही याच वायरीवर टाकायचा. अशा जागेला कन्सोल म्हणतात. ही सोय रोज लागत नाही. लागते तेव्हा दुसरी कुठलीच उरलेली नसते, म्हणून तिच्याबद्दल मी जरा हळवा आहे.

पहिली तक्रार याच सोयीबद्दल आली. सहकारी रात्री सिरियलवरून लॉगिन करत होता. नावाची दोन अक्षरं उमटली आणि मध्येच एक लांबलचक ओळ घुसली: आत येणारं कार्ड कुठलं, मॅक पत्ता, कुठून कुठे, लांबी, टीटीएल, प्रोटोकॉल, दोन्ही पोर्ट. मग तिसरं अक्षर. मग आणखी तीन ओळी. पासवर्डच्या जागी तर काहीच उमटत नाही, त्यामुळे आपण कुठे आहोत हेच कळेना. लॉगिन प्रोग्राम साठ सेकंद वाट बघतो आणि हाकलून देतो. त्याला तीनदा हाकललं. चौथ्यांदा तो डोळे मिटून टाइप करावं तसं करून आत गेला.

दुसरी तक्रार वेगळ्याच लोकांची होती. दिवसातून एकदोनदा नेटवर्क दहा-वीस सेकंद अडकतं आणि आपोआप सुटतं. वेळ ठरलेली नाही, लोडशी संबंध दिसत नाही. ही तक्रार नेटवर्कवाल्यांच्या यादीत पडली, पहिली आमच्या यादीत. दोन्हींचं मूळ एकच आहे हे कळायला जवळजवळ महिना गेला.

घाईतला इलाज

सहकाऱ्याने आत गेल्या गेल्या जे केलं ते कुणीही केलं असतं. डीमेसेज या कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या आज्ञेला उणे-एन हा पर्याय आणि पुढे १ दिला, म्हणजे कन्सोलवर जवळपास काहीच छापू नको असं सांगितलं. पडदा तत्क्षणी शांत झाला. रिबूटनंतर हे टिकत नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तीच ओळ आरसी-लोकल या बूटच्या वेळी चालणाऱ्या फाइलीत टाकली आणि खातरजमेसाठी फायरवॉलच्या स्क्रिप्टच्या शेवटीही टाकली. गंमत म्हणजे नेटवर्कची अडकण्याची तक्रारही त्याच दिवसापासून थांबली. ते कुणी जोडून पाहिलं नाही. तक्रार थांबली की कुणी विचारत नाही, आम्हीही विचारलं नाही.

पुढचे काही आठवडे सगळं ठीक. मग एके दिवशी एक रूल बदलायला गेलो तर एडिटरने फाइल जतन करायला नकार दिला. फाइल सिस्टिम फक्त वाचण्यासाठी आहे, असं उत्तर आलं. लॉगच्या फाइली उघडल्या तर शेवटची नोंद नऊ दिवसांपूर्वीची. डिस्कवर वाचण्या-लिहिण्याच्या चुका झाल्या होत्या, एक्स्ट४ ने (डिस्कवरच्या फाइलींची मांडणी सांभाळणारा कर्नलचा भाग) ठरवून दिलेल्या वागणुकीप्रमाणे रूट, म्हणजे मुख्य, फाइल सिस्टिम रीड-ओन्ली केली होती, आणि गेटवे नऊ दिवस तसाच चालला होता. पॅकेटं पुढे पाठवायला डिस्क लागत नाही, ते काम मेमरीतून होतं. म्हणून बाहेरून काहीच कळलं नाही.

आमचा टर्मिनल सर्व्हर प्रत्येक पोर्टवर जे उमटतं ते फाइलमध्ये साठवतो. मी ती फाइल उघडली. नऊ दिवसांपूर्वीच्या त्या वेळेला तिथे होता फक्त लॉगिन प्रॉम्प्ट. डिस्कची चूक ही कर्नलच्या लेखी ३ क्रमांकाची बाब आहे, फाइल सिस्टिम रीड-ओन्ली करणं २ क्रमांकाची. दोन्ही ओळी कर्नलने लिहिल्या होत्या आणि आपणच त्यांना वायरीवर येऊ दिलं नव्हतं.

मग डीमेसेज. त्यात डिस्कबद्दल एक अक्षरही नाही. गेल्या काही मिनिटांतल्या फायरवॉलच्या ओळी, वरपासून खालपर्यंत. आधी काय बिघडलं, केबल, कंट्रोलर की डिस्क, हे सांगणारी पहिली चूक कायमची गेली होती. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. डिस्क बदलता येते, पण ती का गेली हे कळलं नाही तर नवी डिस्क त्याच केबलला लावायची की नाही हे कशाच्या जोरावर ठरवणार?

ओळ कुठून कुठे जाते

इथे थोडं थांबून यंत्रणा सांगतो, कारण घोळ होतो तो इथेच.

कर्नलमधलं कुठलंही कोड काही सांगू इच्छितं तेव्हा प्रिंटके हे फंक्शन बोलावतं. ओळ आधी मेमरीतल्या एका गोल साठ्यात जाते, त्याला रिंग बफर म्हणतात. साठा भरला की सगळ्यात जुनी ओळ पुसून नवी बसते. डीमेसेज हा साठा वाचून दाखवतो. सिसलॉग किंवा जर्नल हाच साठा वाचून डिस्कवर उतरवतात. आणि तिसरी वाट कन्सोलची: कर्नल स्वतःच ती ओळ नोंदवलेल्या प्रत्येक कन्सोलवर ढकलतो. त्यासाठी कुठलाही प्रोग्राम चालू असावा लागत नाही, डिस्क जिवंत असावी लागत नाही, लॉगिन लागत नाही. कन्सोलचं मोल यातच आहे.

प्रत्येक ओळीला ० ते ७ अशी पातळी असते. ० म्हणजे मशीन वापरण्याजोगं राहिलं नाही, १ ताबडतोब काही करा, २ गंभीर, ३ चूक, ४ इशारा, ५ लक्षात घ्यावं असं, ६ माहिती, ७ डीबग. आकडा जितका लहान तितकी बाब मोठी. कन्सोलला एक उंबरठा असतो आणि त्या उंबरठ्यापेक्षा लहान आकड्याच्या ओळीच पुढे जातात. लहान, बरोबरीच्या नव्हे. उंबरठा ४ असेल तर ०, १, २, ३ दिसतात, ४ दिसत नाही. उंबरठा १ असेल तर फक्त ० दिसते. म्हणजे आमच्या त्या एका ओळीने डिस्कच्या चुकांचं तोंड बंद केलं होतं.

उंबरठा कन्सोलच्या वाटेवर आहे, साठ्याच्या वाटेवर नाही. पडदा शांत दिसला तरी साठ्यात ओळी पडतच राहतात. आमचा साठा १२८ केबीचा होता, बऱ्याच कर्नलांत तो मुळात तेवढाच असतो. फायरवॉलची एक ओळ साधारण २२० अक्षरांची. भागाकार केला तर सहाशेही ओळी बसत नाहीत, शिवाय प्रत्येक नोंदीचा मथळाही जागा खातो. बाहेरून कुणी पोर्ट चाचपडायला लागला की एवढ्या ओळी काही मिनिटांत भरतात. डिस्कची पहिली चूक नऊ दिवस टिकण्याचा प्रश्नच नव्हता.

तीन निरुपद्रवी बदल

दोष कुणा एकाचा नव्हता हे मी लिहून ठेवतो, कारण बैठकीत ते सारखं विसरलं जात होतं. तीन वेगवेगळ्या वेळी तीन माणसांनी तीन योग्य वाटणारे बदल केले होते.

पहिला: बूट होताना काय चाललंय ते दिसावं म्हणून कुणीतरी कर्नलच्या कमांड लाइनीतून (बूट होताना कर्नलला दिले जाणारे पर्याय) 'क्वाएट' हा शब्द काढला होता. क्वाएट असताना उंबरठा ४ असतो. तो काढला की आमच्या कर्नलमध्ये ७ होतो. प्रॉक या कर्नलची सद्यस्थिती दाखवणाऱ्या फोल्डरातल्या सिस-कर्नल-प्रिंटके या फाइलीत चार आकडे असतात, इथे ते ७ ४ १ ७ असे होते. पहिला सध्याचा उंबरठा. दुसरा, जी ओळ स्वतःची पातळी सांगत नाही तिला मिळणारी पातळी. तिसरा, उंबरठा किती खाली नेऊ द्यायचा याची मर्यादा. चौथा, मूळचा उंबरठा. रोजच्या कामात बघायचा तो पहिला. बाकीचे तीन मी वर्षातून एकदाही हलवत नाही.

दुसरा: सिरियलवर कन्सोल हवा म्हणून त्याच ओळीत आधी टीटीवाय० (मॉनिटर) आणि मग टीटीवायएस० (सिरियल) अशा दोन कन्सोलांची नावं दिली होती, पण सिरियलच्या नावापुढे वेग लिहिला नव्हता. वेग न दिल्यास तो ९६०० धरला जातो. टर्मिनल सर्व्हरचं पोर्टही ९६०० वरच होतं, त्यामुळे अक्षरं नीट उमटत आणि कुणाला खटकलं नाही.

तिसरा: सुरक्षेच्या तपासणीनंतर फायरवॉलमध्ये नाकारलेल्या प्रत्येक पॅकेटची नोंद घेणारे रूल आले. आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलचा लॉग टार्गेट, म्हणजे पॅकेटची ओळ लिहिणारी कृती, मुळात ४ या पातळीवर लिहितो. ४ हा ७ पेक्षा लहान आहे, म्हणून प्रत्येक नाकारलेलं पॅकेट थेट कन्सोलवर.

आता गणित बघा. ९६०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट असताना, एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. २२० अक्षरांची ओळ वायरीवरून जायला पाव सेकंदाच्या जवळपास लागतो. सेकंदाला चार ओळी, त्याहून जास्त नाही. एखाद्याने सेकंदात हजार पोर्टं ठोठावली तर त्या हजार ओळी बाहेर पडायला पावणेचार मिनिटांहून जास्त लागतील. साठाच तेवढा नाही म्हणून तेवढा वेळ लागत नाही, मधल्या ओळी गळतात. टर्मिनल सर्व्हरच्या जुन्या फाइलीत मला दोन-दोन तारकांमध्ये 'इतके प्रिंटके संदेश गळाले' असं सांगणाऱ्या ओळी सापडल्या, महिन्याभरात बऱ्याच. त्या मी आधी पाहिल्या असत्या तर हे प्रकरण इतकं वाढलंच नसतं.

आणि हा वेळ कोण देतो? जुन्या कर्नलमध्ये जो सीपीयू प्रिंटके बोलावतो आणि कन्सोलचं कुलूप मिळवतो, तोच साठ्यातलं उरलेलं सगळं छापत बसतो. दुसऱ्या सीपीयूंनी मधल्या काळात टाकलेल्या ओळीसुद्धा तोच. फायरवॉलची ओळ लिहिली जाते ती पॅकेट हाताळत असतानाच, म्हणजे नेटवर्कचं काम करणारा सीपीयूच सिरियल पोर्टसमोर एकेक अक्षर ढकलत उभा. तेवढ्या वेळात त्याच्या वाट्याची पॅकेटं रांगेत थांबतात, रांग भरली की टाकली जातात. दहा-वीस सेकंद नेटवर्क अडकतं आणि आपोआप सुटतं ते असं. त्या वेळांच्या आसपास आरसीयू स्टॉलचे, म्हणजे एखादा सीपीयू फार वेळ अडकून पडल्याचे, इशारेही सापडले. कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजात या इशाऱ्यांच्या कारणांमध्ये संथ कन्सोल स्पष्ट लिहिलेला आहे, बूटच्या वेळच्या ओळींसाठी १,१५,२०० बॉडसुद्धा अपुरा पडू शकतो असं तिथे म्हटलं आहे. आमचा तर त्याच्या एक बारांश होता.

कर्नल लिहिणाऱ्यांनीही यावर बरीच मेहनत घेतली आहे. २०१८ च्या ४.१६ मध्ये छापण्याचं काम एका सीपीयूकडून दुसऱ्याकडे सोपवण्याची सोय आली, ५.१० मध्ये साठा कुलपाविना चालणारा झाला, आणि २०२४ च्या ६.१२ मध्ये रिअल-टाइम प्रीएम्प्शन (ठरलेल्या वेळेत प्रतिसाद देण्याची सोय) मुख्य कर्नलमध्ये येण्याआधी शेवटची मोठी अडचण प्रिंटकेचीच होती. आमचं मशीन ४.१६ च्याही आधीचं. पण नवा कर्नल घातला तरी ९६०० बॉडची वायर सेकंदाला ९६० अक्षरंच नेणार.

चुकीच्या वाटा

दुरुस्ती ठरवताना दोन सूचना आल्या. दोन्ही इतक्या वेळा ऐकू येतात की त्यांना थोडी जागा देतो.

एक म्हणाला, कमांड लाइनीत दोन्ही कन्सोलांचा क्रम उलटा करू. टीटीवाय० शेवटी लिहिलं की कर्नलचे संदेश सिरियलवरून हटतील. तसं होत नाही. कर्नलचे संदेश यादीतल्या प्रत्येक कन्सोलवर जातात. क्रमाने ठरतं ते इतकंच की डेव्ह-कन्सोल ही फाइल कुणी उघडली तर ती कुठे जाऊन पोचेल, आणि ते शेवटच्या नावावरून ठरतं. म्हणजे क्रम उलटा केला असता तर कर्नलचा पूर तसाच राहिला असता आणि सुरुवातीच्या प्रोग्रामांचे, सर्व्हिसेसचे संदेश मात्र सिरियलवरून गायब झाले असते. हे बोलून पटत नव्हतं म्हणून प्रॉकमधली कन्सोल्स नावाची फाइल उघडून दाखवली. तिथे प्रत्येक नोंदवलेल्या कन्सोलची एक ओळ असते: नाव, वाचता-लिहिता येतं का, मग कंसात खुणा. ई म्हणजे चालू, पी म्हणजे कर्नलचे संदेश इथे छापले जातात, सी म्हणजे डेव्ह-कन्सोल इकडे बोट दाखवतं. ई आणि पी दोन्ही ओळींत होतं, सी फक्त टीटीवायएस० च्या. त्या तीन अक्षरांनी वाद संपला.

दुसरा म्हणाला, सेट-लॉग-कॉन्स वापरू. हे साधन चांगलं आहे, पण ते मॉनिटरवरच्या आभासी टर्मिनलांपुरतं. त्याला १२ सांगितलं की कर्नलचे संदेश बाराव्या टर्मिनलवर जातात आणि पहिल्यावर लॉगिन स्वच्छ राहतं. मॉनिटर लावलेल्या मशीनवर मी हे नेहमी करतो. सिरियलवर त्याचा काडीमात्र परिणाम होत नाही, कारण तिथे आभासी टर्मिनलं नसतातच.

आणखी एक गुंता मध्ये आला. उंबरठा १ असतानाच्या दिवसांतही सिरियलवर अधूनमधून एक ओळ उमटलेली दिसत होती आणि त्यावरून उंबरठा चालत नाही असा एकाचा ठाम समज झाला. ती ओळ डीमेसेजमध्ये शोधली, सापडली नाही. म्हणजे ती कर्नलची नव्हती. फायरवॉलची स्क्रिप्ट रूल भरून झाले की डेव्ह-कन्सोलमध्ये स्वतःच 'झालं' असं लिहीत होती. उंबरठा फक्त कर्नलच्या साठ्यातून येणाऱ्या ओळींना लागतो. कुठलाही प्रोग्राम डेव्ह-कन्सोल उघडून लिहू शकतो, सिसलॉग ० पातळीच्या ओळी सगळ्या लॉगिन केलेल्यांच्या पडद्यावर टाकू शकतो, आणि या दोघांना तुमचा उंबरठा ठाऊकही नसतो. पडद्यावर नको ती ओळ दिसली की मी आधी ती डीमेसेजमध्ये शोधतो. तिथे नसेल तर प्रिंटकेच्या आकड्यांना हातच लावत नाही.

काय केलं

सगळ्यात आधी पुराचा उगम हलवला. नाकारलेल्या पॅकेटांची नोंद लॉग टार्गेटकडून काढून एनएफलॉगकडे दिली. एनएफलॉग पॅकेटची माहिती प्रिंटकेकडे न देता थेट एका प्रोग्रामकडे सोपवतो, आम्ही यूलॉगडी बसवला आणि तो ती स्वतःच्या फाइलीत लिहितो. कर्नलचा साठा, कन्सोल, सिसलॉग या तिघांचाही त्या पुराशी संबंध तुटला. दोन-तीन रूल असे होते की त्यांची ओळ कर्नलच्या लॉगमध्ये असावी असं नेटवर्कवाल्यांना वाटत होतं. तिथे लॉग ठेवला, पण पातळी ६ सांगितली आणि लिमिट मॅच लावून मिनिटाला मोजक्या ओळींवर बांधून टाकला. लिमिटला काहीच न सांगितल्यास तो तासाला तीन आणि सुरुवातीला पाच असा धरतो. ते आम्हाला फारच कमी होतं.

मग वेग. कमांड लाइनीत टीटीवायएस० च्या पुढे १,१५,२०० आणि एन८ (पॅरिटी नाही, आठ बिट) स्पष्ट लिहिलं. हा वेग तीन ठिकाणी जुळावा लागतो: बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम), कर्नल, टर्मिनल सर्व्हर. लॉगिन प्रॉम्प्ट देणारा गेटी धरला तर चार. एकही चुकला की नेमक्या त्या टप्प्यावर पडद्यावर कचरा उमटतो. आम्ही बूटलोडर विसरलो आणि पहिल्या रिबूटला मेन्यू वाचताच आला नाही. पाव सेकंदाची ओळ आता दोन शतांश सेकंदांत जाते. साठाही कमांड लाइनीतूनच १ एमबी केला, मेमरीचा तेवढा खर्च आजच्या मशीनला जाणवत नाही.

उंबरठ्यावर मात्र सगळ्यात जास्त चर्चा झाली. आमच्या कर्नलमध्ये तो सगळ्या कन्सोलांना मिळून एकच आहे. सिरियलला ४ आणि मॉनिटरला ७ असं वेगळं सांगायची सोय नाही, नेटकन्सोल (नेटवर्कवरून संदेश पाठवणारा कन्सोल) लावला तर त्यालाही तोच. म्हणून प्रश्न असा विचारला: रात्री तीन वाजता या वायरीवर कुठली ओळ आली तर तुम्हाला ती हवी असेल? डिस्कची चूक, हो. मेमरीची दुरुस्त न होणारी चूक, हो. फाइल सिस्टिम रीड-ओन्ली झाली, अर्थातच. नेटवर्क केबल निघाली? ती अनेक ड्रायव्हर ६ वर लिहितात, आणि ती सिसलॉगमधून, देखरेखीतून कळतेच. यावरून ४ ठरला. बूट होतानाचं सगळं दिसावं ही जुनी इच्छा योग्यच होती, म्हणून क्वाएट परत आणला नाही. बूट ७ ने होऊ दिलं आणि कर्नलचे आकडे बसवणाऱ्या सिसकंट्रोलच्या डी-फोल्डरात एक छोटी फाइल ठेवली, तिच्यात कर्नल-प्रिंटके बरोबर ४ ४ १ ७. सिस्टिम उभी राहताना ती लवकरच वाचली जाते.

रिबूट केलं, प्रिंटकेची फाइल उघडली, तर पहिला आकडा १. आरसी-लोकलमधली ओळ काढली होती, फायरवॉलच्या स्क्रिप्टमधली राहिली होती. ती सिसकंट्रोलनंतर चालते आणि शेवटी बोलणाऱ्याचंच खरं होतं. ती काढली, पुन्हा रिबूट, आता ४.

आकडा बरोबर दिसणं पुरेसं वाटलं नाही. डेव्ह-केएमएसजी या फाइलीत रूटने ओळ लिहिली की ती कर्नलच्या साठ्यात पडते, आणि ओळीच्या सुरुवातीला कोनी कंसात पातळीचा आकडा देता येतो. आधी कंसात ४ देऊन एक ओळ लिहिली. सिरियलवर काही नाही, डीमेसेजमध्ये हजर. मग ३ देऊन. टर्मिनल सर्व्हरच्या खिडकीत ओळ लगेच उमटली आणि त्याच्या साठवणीच्या फाइलीतही आली. दोन ओळींची ही चाचणी आता आमच्या प्रत्येक नव्या मशीनच्या यादीत आहे.

अडल्यावर उंबरठा वाढवायची वाटही उघडी ठेवली. लॉगिन होत नसेल तेव्हा सिरियलवर ब्रेक हा खास सिग्नल पाठवून पाच सेकंदांच्या आत ७ दाबलं की सिसआरक्यू, म्हणजे कर्नलला थेट हुकूम देण्याची सोय, उंबरठा ७ करतो. त्यासाठी कर्नल-सिसआरक्यूच्या आकड्यात २ ची परवानगी असावी लागते, आमच्याकडे नव्हती, ती दिली. फक्त एवढं की आधी गाळल्या गेलेल्या ओळी त्याने परत छापल्या जात नाहीत. तिथून पुढच्या दिसतात.

शेवटी त्या सहकाऱ्याने, ज्याने १ घातला होता, एक प्रश्न विचारला आणि तो मला फार योग्य वाटला: "४ वर ठेवलं आणि कर्नल पॅनिक होऊन कोसळला, तर पूर्ण मजकूर येईल का? स्टॅक ट्रेसच्या ओळी काही सगळ्या ३ च्या आतल्या नसतात." मी म्हणालो, बघूच. चाचणीच्या मशीनवर तीच मांडणी केली, उंबरठा ४, आणि सिसआरक्यूच्या सी ने मशीन मुद्दाम पाडलं. वायरीवर सगळं आलं: कारण, रजिस्टरं, कॉल ट्रेस, शेवटची पॅनिकची ओळ. पॅनिकच्या वेळी कर्नल स्वतःच उंबरठा १५ वर नेतो. मग त्यानेच मशीन चालू करून उंबरठा १ केला आणि पुन्हा पाडलं. तरीही सगळं आलं.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मरताना ते बोललंच असतं. नऊ दिवस आजारी होतं तेवढंच आपल्याला कळलं नसतं." त्याने चाचणीच्या मशीनवर उंबरठा परत ४ केला, कंसात ३ देऊन एक ओळ लिहिली, ती वायरीवर उमटलेली पाहिली आणि गेटवेवर नवी डिस्क घालायला गेला. केबलही बदलली. जुनी चांगली होती की वाईट हे सांगणारी ओळ आमच्याकडे नव्हती.